परग्रहाच्या गाडीचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्र गुरव आयुष्यात कधी चुकला नाही. म्हणजे, त्याच्या मते. एकदा रत्नागिरीहून गावी येताना चुकून चिपळूणच्या एसटीत बसला, तर घरी येऊन म्हणाला, "चिपळूण बघून बरेच दिवस झाले होते." बायको दमयंती म्हणायची, "ह्यांचं आपलं पडलो तरी नाक वर!"

गावाचं गाऱ्हाणं देवापुढं घालायचं काम त्याच्या घराण्याकडं. लग्न असो, विहीर असो, हरिश्चंद्र हात जोडून देवाला सगळं उघडून सांगणार आणि मागं उभा गाव दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणणार.

त्याची लेक सानिका बंगळुरात यंत्रं घडवते. तिच्या संस्थेनं लांबच्या ग्रहावर पाठवायची सहा चाकांची गाडी चाचणीसाठी गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, आणली. तिथला लाल, उजाड कातळ म्हणे थेट परग्रहासारखा. गावाला इतकी वर्षं तो नुसता कातळच वाटत होता! त्या ग्रहावर माणूस नसणार, म्हणून इथंही गाडी निघाली की कुणी जवळ जायचं नाही. देवळामागच्या तंबूत बसून पडद्यावर बघायचं आणि हुकूम सोडायचे. सानिकानं गाडीला एकच शिकवलं होतं: शंका आली की थांब आणि माणसाला विचार. ही शिकवण चाचणीत टिकली तरच खऱ्या मोहिमेत जाणार होती, नाहीतर पोरीची सगळी मेहनत पाण्यात.

"बाबा, गाडीला हात लावायचा नाही हां," तिनं बजावलं होतं.

पण नवी गाडी आणि पूजा नाही? शोभतं का? सकाळी मंडळी पोह्यांवर तुटून पडली तेवढ्यात हरिश्चंद्रानं डाव साधला. गाडीचं कपाळ कुठलं ते कळेना, म्हणून समोरच्या काचेलाच ओलं कुंकू फासलं. बोटभर लावायचं ते मायेनं तळहातभर लागलं.

गाडी निघाली, थोडी चालली आणि थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली: "नीट दिसत नाही. पुढं जाऊ का?"

सानिकाच्या साहेबीण भार्गवीबाई वैतागल्या. "लाल दिसतंय, कारण जमीनच लाल आहे. तुझी गाडी भित्री आहे, सानिका. मी तिला पुढं जायचा हुकूम देते, आणि ही तुझी शिकवण काढून टाकू."

सानिकानं ओठ दाताखाली धरला. लहानपणी पडली की रडू आवरायला ती अस्साच धरायची. तंबूच्या दारातून हरिश्चंद्र हे बघत होता. कुंकवाचं सांगावं, तर अख्ख्या गावासमोर चुकलो म्हणायचं. जिभेला तशी सवयच नव्हती हो!

"थांबा!" तो ओरडला. "आधी गाऱ्हाणं घालतो."

भार्गवीबाईंनी कपाळाला हात लावला. पण तंबूबाहेरचा गाव केव्हाच हात जोडून उभा राहिला होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही सहा चाकांची लेक तुझ्या सड्यावर उभी हाय. ती भित्री नाय. दिसत नाय म्हणून थांबली, न् माणसाला विचारते हाय. एवढी अक्कल ह्या गावात किती जणांना हाय?"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या डोळ्याला कुणी गाढवानं कुंकू फासलंन!"

गाव एकमेकांकडं बघू लागला. सानिकानं मान गर्रकन वळवली. भार्गवीबाईंचं बोट हुकमाच्या बटणावर तसंच राहिलं. "कुणी?" त्यांनी विचारलं. "नाव सांगा, नाहीतर मी कसं मानू?"

माणसांशी काय वाटेल ते बोलता येतं, पण गाऱ्हाण्यात खोटं बोलायची हरिश्चंद्राची छाती नव्हती.

"तो गाढव मीच, म्हाराजा. पोरीची काय एक चूक नाय."

भार्गवीबाईंनी बटणावरचं बोट काढून घेतलं. "व्हय म्हाराजा!" गाव गरजला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज दमयंतीचा होता.