चाकातलं तेल

कुरकुरणाऱ्या कुठल्याही वस्तूला तेल घालायचं, हा बाबांचा धर्म होता. दार, सायकल, शिलाई मशीन, काही म्हणून त्यांच्या तेलाच्या कुप्पीच्या तावडीतून सुटत नसे. नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्याचं कौतुकच होतं.

मे महिन्यातल्या त्या सकाळी शेजारच्या दुकानात सावनेरहून फोन आला. माझी बायको तिथे माहेरी होती, दिवस भरलेले. कळा लागल्यात, बाळ आडवं आहे, सुईण म्हणते लगेच नागपूरला न्या. भर लग्नसराई, टॅक्सी एक मिळेना. आमची जुनी गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, तर गाडी घसरतच गेली. कशीबशी हँडब्रेकवर थांबवली आणि ढकलत दारात आणली.

मिस्त्री लग्नाला गावी गेलेला. मीच गाडीखाली शिरलो. पेडल कडक होतं. ब्रेकऑइलची बाटली भरलेली, गळती कुठेच नाही. तरी नळीत हवा शिरली असेल म्हणून बाबांना पेडलवर बसवलं. "दाबा. सोडा. दाबा." तास गेला, बुडबुडा एक आला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. पाना हातातून सटकत होता, मी देवाला शिव्या घालत होतो, आणि तिकडे ती तडफडत असेल एवढंच डोक्यात होतं.

शेवटी पुढचं चाक उतरवून ड्रम काढला. आतले ब्रेकचे पट्टे तेलाने निथळत होते. वास शिलाई मशीनच्या तेलाचा.

"काल मीच घातलं गा," बाबा म्हणाले. "ब्रेक लावला की किरकिर करून राहिलं होतं. मले वाटलं..."

"काहून हात लावला तुम्ही?" मी गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो.

त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचे पट्टे पेट्रोलने पुसले, घासले. मग माझ्याशेजारी बसले. सावनेरपर्यंत आणि तिला घेऊन परत येईपर्यंत त्यांचा हात हँडब्रेकवरून हलला नाही.

ती वाचली. बाळ गेलं. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. बाबा तिथेच उभे होते.

त्यानंतर त्यांनी कुप्पी हातात धरली नाही. आमचं दार बाबा जाईपर्यंत कुरकुरत राहिलं. खरं तर आदल्या दिवशी मीच चिडून म्हणालो होतो, "बाबा, त्या ब्रेकच्या आवाजाचं काहीतरी करा." त्यांनी ते मला एकदाही बोलून दाखवलं नाही.