संपतरावांचा नारळ

आमचे मालक संपतराव म्हंजे संशयाचं गाठोडं. दूधवाल्यावर संशय, कंडक्टरवर संशय, लेकीच्या सासरच्या चहावरसुद्धा संशय! राजुरीच्या आसपास कुणाला बोअर घ्यायचं असलं की पाणी बघायला ह्यांनाच बोलावणार. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा अन् शेत चालायचं. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. नारळ घरचाच नेणार, कारण पावण्याच्या नारळात कुणी काय केलं असंल सांगता येत न्हाई. चालताना सगळ्यांकडं पाठ करणार, कुणी इद्या चोरू नये म्हणून. माझ्याकडंसुद्धा!

आमच्या मागच्या खोलीत प्रज्ञाम्याडम भाड्यानं राहतात, हायस्कुलात विज्ञान शिकवतात. थंडीत एका सकाळी त्यांनी नळाची बारीक धार सोडली, केसांतून कंगवा फिरवला अन् धारेजवळ नेला. धार वाकली की वो कंगव्याकडं! मालक तांब्या तिथंच टाकून आत आले.

"साळू, ही बाई पाणाडी हाय. माझी गिऱ्हाइकं पळवायला आलीय."

"काहीतरीच तुमचं! पोरांना दाखवायला करत असतील."

पण ऐकतील ते मालक कसले! माझा कंगवा घेऊन गुपचूप नळावर गेले. डोक्याला चपचपीत तेल. धार जागची हलंना. "बघ, मंतर लपवून ठेवलाय तिनं!" मला हसू आवरंना. मीच म्याडमना हाक मारली.

"काका, तेलकट केसांनी नाही होत," त्या म्हणाल्या. "डोकं धुवा, केस चांगले वाळू द्या."

दुपारी धार वाकली, मालकांच्या हातानं वाकली. म्याडमनी समजावलं, "कोरड्या केसांवर घासून कंगव्यावर विजेचा उणे भार बसतो. पाण्याच्या कणात भार सारखा पसरलेला नसतो. एका अंगाला थोडा उणे, दुसऱ्या अंगाला तेवढाच अधिक. बेरीज शून्य, पण दोन्ही एका जागी नाहीत. म्हणून कंगवा जवळ आला की कण आपलं अधिक अंग त्याच्याकडं वळवतात आणि ओढले जातात."

"म्हंजे पाण्याला ओढ असती! मी येगळं काय सांगतो?"

"आता कंगवा वीतभर लांब धरा."

धरला. धार सरळ झाली.

"एवढ्यातच जोर संपतो, काका. बोअरचं पाणी तर तीनशे फूट खाली. आणि नारळावर भार कुठून येणार?"

"बाई खोटं बोलती," मला म्हणाले. पण सांजपर्यंत नळापासून हलले न्हाईत, कंगवा जवळ अन् लांब, जवळ अन् लांब. मला काळजीच वाटली.

चार दिवसांनी उज्ज्वलाकडं, आमच्या लेकीकडं, घोडेगावला जायचं व्हतं. तिची डाळिंबाची बाग सुकत चालली व्हती. एकच बोअर घेण्याची त्यांची ताकद. ते कोरडं गेलं तर बाग तोडून मंचरच्या बाजारात हमाली. बोअरची गाडी दारात उभी व्हती.

मालक चालले. बांधाच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. आमच्या जावयांनी, गोकुळरावांनी हात जोडले. मालक मात्र माझ्याकडं वळले, "साळू, माझं डोळं बांध. अन् मला गरागरा फिरव."

मी पदरानं डोळं बांधलं, फिरवलं, हाताला धरून नेलं. त्याच कोपऱ्यावरून आम्ही दोनदा गेलो, नारळ आडवाच. मग उभा राहिला तो भलतीकडं, गोठ्याच्या मागं खडकावर.

मी पदर सोडला. त्यांनी कोपऱ्याकडं बघितलं, मग आपल्याच तळहाताकडं बघितलं. जन्मात कुणाकडं इतक्या संशयानं बघितलं नसंल.

"गोकुळराव, गाडी परत पाठवा. सरकारी भूजल खात्याच्या साहेबाला बोलवा. मला कळत न्हाई."

जावई गाडीवाल्याकडं निघाले. उज्ज्वला बोलली, "दादा, आन् आजवर लोकांची बोअरं कोरडी गेली ती? तुमी तर म्हणायचा, त्या घरांची नियतच खोटी."

मालक तिथंच खडकावर बसले. मग त्यांनी मला, पहिलं कोरडं बोअर कुणाच्या घरचं गेलं ते विचारलं, अन् चपला घातल्या.