पाण्यातलं वल्हं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही इनासला ओळखत नाही.

इनास पाचूबंदरच्या कोळ्याचा मुलगा, मी वसईच्या बागायतदाराचा. दोघांच्याही घरातून आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, आम्ही मुंबईला तत्त्वज्ञान शिकत होतो. अभ्यासाला एक जुना रोमन ग्रंथ होता. त्यातला वाद असा — डोळ्यांना दिसतं त्याला ज्ञान म्हणायचं का? पाण्यातलं वल्हं वाकडं दिसतं. म्हणजे डोळे फसवतात, असं एक बाजू म्हणते. मी तो ग्रंथ इंग्रजीतून, शब्दकोश जवळ घेऊन, अडखळत वाचायचो. इनास फादरांकडे लॅटिन शिकलेला. तो मूळ लॅटिनच वाचायचा. मला ते सोसत होतं का? त्याच्या अंगाला मासळीचा वास येतो, असं मी इतर मुलांना हसत सांगायचो.

एकदा वर्गात तो आपल्या बोलीतच म्हणाला, "सर, वल्हं वाकडं दिसलं न्हाय, तर समजायचं खाली पानीच न्हाय."

सगळे हसले, सरही. मी हसलो नाही. डोळा खोटं सांगत नाही, तो पाण्याचीही खबर देतो. चुकतो तो घाईनं निकाल देणारा — असा अर्थ लावून त्यानं निबंध लिहिला. माझ्या निबंधात दुसऱ्यांची मतं होती, नीटनेटकी.

पुढं शिकण्यासाठी शिष्यवृत्ती एकच होती, ती या निबंधांवरून ठरायची. सरांनी मला एकट्याला बोलावलं. हा अर्थ इनासचा स्वतःचाच ना, असं विचारलं.

त्याच ग्रंथात रोमन साक्षीदारांची एक रीत सांगितली आहे — शपथेवर बोलताना, स्वतः पाहिलेलंसुद्धा 'मला वाटतं' असं म्हणून सांगायचं. किती नम्र रीत. मी तीच वापरली.

"सर, मला वाटतं — हे मी कुठंतरी वाचलंय."

कुठंही वाचलं नव्हतं. त्याला ते सुचलं तेव्हा मी त्याच्या शेजारीच होतो, त्याच्या बापाच्या होडीत.

सरांनी इनासचा निबंध बाजूला ठेवला. शिष्यवृत्ती मला मिळाली, इनास बापाबरोबर समुद्रावर जाऊ लागला. निकालानंतर तो दोन पापलेटं घेऊन आमच्या घरी आला. आई ती साफ करायला बसली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "माजं काय चुकलं रं?"

मी त्याला त्याच्या निबंधातले दोष सांगितले — एकेक, समजावून. तो मान हलवत ऐकत राहिला. मग आम्ही जेवायला बसलो.