फळ्यावरच्या आठ जणी

जगातल्या महिला टेनिसची काळजी पुणे शहरात कुणा एका माणसाने अंगावर घेतली असेल, तर ती आमच्या अभ्यासिकेच्या काकांनी. खेळाडूंच्या प्रशिक्षकांना निदान त्याचा पगार मिळतो. काका फुकटात काळजी करतात आणि जास्त करतात. एखादीचा खांदा दुखावल्याची बातमी वाचली की ते दिवसभर स्वतःचा हात जपून वापरतात. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलतात आणि शर्टावर सांडतात.

आमची अभ्यासिका नारायण पेठेत, एका वह्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. चाळीस खुर्च्या, चार पंखे आणि दाराशी टेबल टाकून बसलेले काका. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. मी वाघोलीच्या पुढच्या एका गावातून बसने येते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि घरी पुस्तक उघडून बसायला कोपरा नाही, म्हणून कॉलेज सुटलं की इथे येते. पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरत विचारलं होतं, "काका, कुठल्याही खुर्चीवर बसलं तर चालेल का?" ते म्हणाले, "बसा. खुर्चीमुळे पास झाल्याचं अजून ऐकलेलं नाही."

काकांच्या टेबलामागे दोन फळे आहेत. एकावर नियम: 'येथे झोपू नये. झोप आल्यास घरी जावे. घर लांब असल्यास वाचत बसावे.' दुसऱ्या फळ्यावर जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत टेनिस. वर्षभराच्या गुणांवरून पहिल्या आठ आलेल्या जणींनाच वर्षअखेरची मोठी स्पर्धा खेळायला मिळते, म्हणून फळ्यावर आठच ओळी. खेळाडूंची खरी नावं मात्र तिथे नाहीत. "ही आडनावं लिहायला घेतली तर खडू संपेल आणि सीझनही," असं काकांचं म्हणणं. त्यामुळे ओळी अशा: उंच, शांत, चिडकी, नवीन, गुडघा, आई, धाकटी, केसवाली. 'आई' म्हणजे बाळंतपणानंतर पुन्हा खेळायला आलेली. 'गुडघा' का, ते सांगायला नको. नव्याने आलेल्या मुलांना वाटतं, हे कुठल्यातरी परीक्षेचं सूत्र आहे. एकाने तर ते वहीत उतरवून घेतलं होतं.

निकाल लिहिण्याची काकांची पद्धतही त्यांची स्वतःची. जिंकली तर ठळक अक्षरात 'जिंकली'. हरली तर बारीक अक्षरात 'थोडक्यात हरली'. सहा-एक, सहा-शून्य असा निकाल लागला तरी थोडक्यातच. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, हा सामना तर पाऊण तासात संपला." त्यावर ते म्हणाले, "मग? वेळ थोडकाच लागला ना?"

अभ्यासिकेत आवाज करायचा नाही, हा नियम काका स्वतःही पाळतात. जानेवारीत ऑस्ट्रेलियातले सामने सकाळी लागतात, तेव्हा डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर ते आवाज बंद करून बघतात. एखादीचा फटका जाळीत गेला की तोंडावर रुमाल दाबतात. समोर चाळीस मुलं परीक्षेच्या धास्तीने पांढरी पडलेली असतात, पण सगळ्यात जास्त ताण दाराशी असतो.

मी पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाले. घरी सांगायची हिंमत नव्हती. आईला वाटायचं की मी इतके तास बाहेर असते म्हणजे पहिली येणारच. जिन्यात बसून रडत होते, तर काका बाहेर आले. रुमाल वगैरे दिला नाही, तो त्यांना लागतो. म्हणाले, "उंच काल पहिल्या फेरीत हरली. दुसरं मानांकन होतं तिला. सोमवारी दुसऱ्या गावात नवी स्पर्धा, आणि ही बॅग घेऊन हजर. तुमची फेरपरीक्षा कधी आहे?" मी तारीख सांगितली. "मग बॅग भरा," एवढं बोलून आत गेले. रात्री आईला हे सांगितलं तर तिने विचारलं, "पर ही उंच कोण हाय गं? तुज्या वर्गात हाय का?"

फळ्यावर आठ जणी असल्या तरी काकांचा जीव नवव्या जागी असायचा. तिला ते 'डावरी' म्हणायचे. ओळी आठच, म्हणून तिचं नाव फळ्याच्या लाकडी चौकटीवर लिहिलेलं असायचं. गेल्या सीझनमध्ये ती जवळजवळ वर्षभर त्या चौकटीवरच राहिली. ऑक्टोबरात चीनमधल्या एका स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली, 'गुडघा' खाली घसरली आणि डावरी आठवी झाली. काकांनी तिला ओल्या फडक्याने चौकटीवरून पुसलं, फळ्यावर घेतलं आणि आम्हाला एकेक पेढा दिला. "कागद खाली टाकू नका," हेही सांगितलं.

मग मी विचारलंच, "डावरीच का?"

काका खडू झटकत म्हणाले, "माझी मुलगी डावरी आहे."

मुलगी बंगळूरला नोकरी करते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. दर रविवारी अकरा वाजता ते जिन्यात जाऊन तिला फोन करायचे. जेवलीस का, बरं. तब्येत, बरं. ठेवतो. तीन मिनिटांत परत. पण ती टेनिस खेळायची, हे मला त्या दिवशी कळलं. सातवीपासून ते तिला रोज पहाटे स्कूटरवरून कोथरूडच्या कोर्टवर न्यायचे. जिल्ह्यात नंबर आला होता. बारावीला यांनीच रॅकेट माळ्यावर टाकली. "म्हटलं, एक वर्षाचा तर प्रश्न आहे, टेनिस कुठं पळून जातंय. चांगले मार्क पडले. मग तिने रॅकेट मागितली नाही आणि मीही काढून दिली नाही." खडू खोक्यात ठेवत म्हणाले, "तिच्याशी बोलायला विषय हवा, म्हणून निवृत्त झाल्यावर हे शिकलो. सगळे निकाल पाठ आहेत माझे. फोन लागला की तोंडातून जेवलीस का एवढंच येतं."

वर्षअखेरच्या स्पर्धेत डावरी उपांत्य फेरीपर्यंत गेली. शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या सेटमध्ये पाच-दोन पुढे होती आणि हरली. काकांनी 'थोडक्यात हरली' लिहिलं. वर्षात पहिल्यांदा ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला ते जिन्यात गेले. माझी खुर्ची दाराजवळ आहे. ऐकू नये हे कळत होतं, तरी मी ऐकलं. जेवलीस का. बरं. तब्येत. बरं. नंतर बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, ठेवला फोन. तेवढ्यात काका घाईघाईने म्हणाले, "अगं, ती डावरी काल हरली. पाच-दोनवरून." मग त्यांचा आवाज बदलला. "तू पाहिलास? हो... हो ना. बॅकहँडलाच. हो, तेच म्हणतो मी." मी घड्याळाकडे बघत होते. वीस मिनिटं झाली.

फोन संपला तरी ते आत येईनात. मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने बाहेर गेले. काका पायरीवर बसले होते. टेबल सोडून असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तिने विचारलं, बाबा, माझा बॅकहँडही असाच ऐन वेळी सुटायचा, आठवतंय का तुम्हाला," ते म्हणाले. "मी हो म्हटलं. कसली खूश झाली!"

मला बरं वाटलं. मी तसं म्हणणार होते.

"मला काही आठवत नाही हो. तिला आत सोडायचो आणि बाहेर स्कूटरवर पेपर वाचत बसायचो. पाच वर्षं. एकदाही आत जाऊन बघितलं नाही. कशी खेळायची कोण जाणे."

खाली दुकानदार शटर वर करत होता.

"आता जानेवारीपर्यंत सामने नाहीत," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी काय बोलू?"

एवढ्या मोठ्या माणसाला मी काय सांगणार? तरी हळूच म्हटलं, "काका, तिलाच विचारा. कशी खेळायची ते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादा अवघड नियम सोपा करून सांगितला होता. मग नजर खाली नेली आणि म्हणाले, "रविवारला अजून सात दिवस आहेत."