हुमणाबरोबरची वूव्रे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मुलीला ठाऊक नाही, भावाला नाही. शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक आहे. पण तिला सांगायची वेळच आली नाही — ती तिथेच बसली होती.

गोष्ट वाइनची आहे. हसू नका.

ऐंशीच्या दशकात मी ग्लासगोच्या एका हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा डॉक्टर, होतो. कन्सल्टंटची जागा निघणार होती आणि बॉसच्या शब्दाला वजन होतं, म्हणून त्यांना सपत्नीक जेवायला बोलावलं. वाइन तर द्यायलाच हवी. पण कुठली? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं — खरं सांगायचं तर अजूनही कळत नाही. माशांबरोबर व्हाइट, एवढंच ऐकून होतो. दुकानातून तीन फ्रेंच बाटल्या आणल्या आणि किचनमध्ये उघडल्या.

शैलाने आयुष्यात पहिल्यांदा वाइन चाखली ती त्या दुपारी. चमच्याने! आमटीचं मीठ बघावं तशी. हुमण म्हणजे आमचं नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण. तिने ते तिथल्या हॅडक माशाचं केलं होतं. एक घास हुमणाचा, एक चमचा वाइन. पहिली बाटली मस्कादे. रव्यात तळलेल्या माशांना छान, म्हणाली, पण हुमणावर कडू लागते. दुसरी, शाब्ली, तिला पाणचट वाटली. मग वूव्रे, जराशी गोडसर. "अहो, ही हुमणाला! मिरचीला सांभाळून घेते बघा." वाटीत ओतून आणखी घेतली आणि गाल लाल होईतो हसत बसली. इथे तिचं बी.एड. कुणाला नको होतं, दिवसभर घरात एकटी असायची. तिला इतकं खूश मी ग्लासगोत पाहिलंच नव्हतं.

जेवण रंगलं. बॉसनी हुमण खाल्लं, वूव्रेचा घोट घेतला, परत हुमण, परत घोट. ही जोडी कुणाला सुचली, विचारलं. मी म्हटलं, मला. वर मिरची कशी, गोडवा कसा, हेही ऐकवलं — शब्द तिचेच, फक्त इंग्रजीत.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण बॉसच्या बायकोने बाटली शैलाच्या ग्लासकडे नेली आणि मला धडकी भरली. ही प्यायली, दोन शब्द बोलली, की जाणकार कोण ते उघडं पडणार! मी घाईघाईने म्हटलं, "नो, नो. अवर विमेन डोन्ट ड्रिंक." शैलाला इंग्रजी उत्तम येतं. ती खाली ताटाकडे बघत राहिली. त्या बाई बिचाऱ्या सॉरी, सॉरी करत होत्या.

जागा मला मिळाली. वाइनमुळे नव्हे, असं मी स्वतःला सांगतो — पण मुद्दा तो नाहीच. माझं वाक्य हॉस्पिटलभर झालं. कुठेही जेवायला जा, शैलापुढे न विचारता ऑरेंज ज्यूस. आमच्या रीतीचा मान राखून! कसली डोंबलाची रीत? पुढच्या पार्टीला कुठली बाटली आणू, विचारलं तर म्हणाली, "मला काय विचारता? आमच्यात बायका घेत नाहीत ना." आवाज चढवला नाही. घरीसुद्धा परत कधी घेतली नाही. मी मात्र वर्षानुवर्षं वूव्रेच आणत राहिलो आणि भाव खात राहिलो.

पंचवीसेक वर्षांनी मुलीने होणाऱ्या नवऱ्याला घरी जेवायला आणलं. तो शैलाला वाइन ओतायला गेला, तशी मुलगी हसत म्हणाली, "आईला नको. तिला वाइनची चव नाही कळत. ते सगळं बाबांचं."

शैलाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — वाट बघितल्यासारखं. एक वाक्य पुरलं असतं. समोर घरचीच माणसं, बॉस नाही, नोकरीचा प्रश्न नाही. काय जाणार होतं माझं?

मी म्हटलं, "हो, तिला पहिल्यापासूनच आवडत नाही."

शैला भात आणायला आत गेली.