लेकीच्या घरचा चहा

लोहारा-तुळजापूर एसटीत एक म्हातारबाबा माझ्या शेजारी बसले. मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, हातात पाण्याची बाटली. घोट घेतला की माझ्याकडं बघून हसायचे. मला हेवा वाटला. प्रोस्टेट वाढल्यापासून सारखं लघवीला लागतं, म्हणून प्रवासाच्या दिवशी मी पाणीच पीत नाही, आणि हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्यांनी बाटली पुढं केली. मी नको म्हणालो. माझे कोरडे ओठ बघून त्यांनी बरोबर ओळखलं.

"मी बी असाच तहानलेला हिंडायचो. सोलापुरात लेसरनं आपरेशन केलं. टाका न्हाय, काय न्हाय. पण लई उशीर केला बघा. चार वर्सं जळकोटला लेकीकडं गेलो न्हाय. तिथं चहा प्यावा लागतो, मग तिच्या सासऱ्यापुढून सारखं उठावं लागतं. ती समजली, बाप रुसलाय."

"मग आता सांगितलं का तिला?"

"असलं लेकीला सांगतेत व्हय? आज जातो अन् दोन कप चहा मागून पितो."

जळकोटला उतरताना त्यांनी अर्धी बाटली माझ्या हातात ठेवली. तुळजापूर अजून लांब होतं. झाकण उघडायचं धाडस झालं नाही, पण बायकोला फोन लावला.