सुपारी शिरली ते पान

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना उद्धवशास्त्री म्हणे, त्यावरून समजून घ्या. दर्यापुरात त्यांच्यासारखा विक्षिप्त माणूस दुसरा झाला नाही. शकुन पाहायची रीत अशी, की विचारणाऱ्यानं डोळे मिटून पोथीच्या पानांत सुपारी सरकवायची. शिरली ते पान उघडायचं, आणि त्यावरचं पहिलं वाक्य तोच देवाचा जबाब. बाकीचे शास्त्री पोथी घेत. आमचे हे हाताला लागेल ते पुस्तक घेत. देवाला बोलायचंच असेल तर त्याला पुस्तकाचं काय सोवळं, असं त्यांचं म्हणणं.

अमेरिकेत लढाई पेटली, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तर आमच्या ओसरीवर रीघ लागली. पैसा आला की माणसाला अक्कल बाहेरून आणावी लागते. कापूस कुठं न्यावा असं एकानं विचारलं, तर भूगोलातून निघालं, 'गोदावरी पूर्वेस वाहते.' त्यानं गाडी पूर्वेला अमरावतीकडं हाकली. नत्थुजीनं माडी बांधू का विचारलं, तर वैद्यकाच्या पुस्तकातून निघालं, 'पोट साफ ठेवावे.' बिचारा कुरकुरला. तेव्हा खुशालराव पाटील सगळ्यांसमोर त्याच्यावर गुरकावला, "पुस्तक खोटं बोलते काय बे?" नत्थुजीनं माडी सोडली आणि महिनाभर त्रिफळा खाल्ला.

आता हा खुशालराव. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवून झाल्या, पुढं काय करावं सुचेना, म्हणून त्याला दुसरी बायको सुचली. पहिली सुभद्रा चौदा वर्षं त्याच्या घरात राबली होती, पण मूल नव्हतं. पातूरकडची मुलगी ठरली, फक्त शकुन पाहायचा राहिला.

आदल्या दिवशी सुभद्रा माझ्याकडं आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तारामाय, सवत आली का मले गोठ्यातच झोपावं लागन." तिचे भेगाळलेले हात पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मला वाचता येतं हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. बाई वाचायला लागली की नवरा मरतो म्हणे! मी दाराआडच्या अंधारात डाळ निवडता निवडता ह्यांचं ऐकून, चोरून पुस्तकं पाहून शिकले होते, आणि हे चांगले धडधाकट होते. कोणी एक कारकून आमच्याकडं गुरांच्या निगेचं छापील पुस्तक विसरून गेला होता. ते मी चाळलं. एका पानाच्या माथ्यावर मला हवं ते वाक्य सापडलं. तिथं मी कापसाच्या चार सरक्या दाबून ठेवल्या, म्हणजे फट राहील आणि सुपारी बरोबर तिथंच घसरेल. बाकीची पुस्तकं फडताळात कोंडली आणि ते एकच ओसरीवर ठेवलं. देवाचं काम थोडं सोपं करून दिलं, त्यात पाप कसलं?

दुसऱ्या दिवशी खुशालराव नवा फेटा बांधून आला. अर्धं गाव मागं होतं. त्यानं डोळे मिटून सुपारी सरकवली. ह्यांनी पान उघडलं आणि थांबले. मी दाराआडून पाहत होते. मग ह्यांनी खणखणीत आवाजात वाचलं,

"गाय गाभण राहत नसल्यास, ती काढून टाकण्यापूर्वी वळू बदलून पाहावा."

खुशालरावाचं तोंड लालबुंद झालं. हे तर ढोरांचं पुस्तक आहे, दुसरं आणा, म्हणू लागला. तेव्हा कोपऱ्यातून नत्थुजी हळूच म्हणाला, "पुस्तक खोटं बोलते काय, पाटील?"

मग जे हसू फुटलं, ते पार पातूरपर्यंत गेलं. मुलीकडच्यांनीच सोयरीक मोडली, आणि पुढं कोणी त्याला मुलगी द्यायला धजलं नाही. सुभद्रा शेवटपर्यंत त्या घराची एकटी मालकीण राहिली.

शकुनाच्या त्या दुपारी मी ह्यांना जेवायला वाढलं. जन्मात कधी शकुनात लबाडी न केलेला माणूस! त्यांनी मुठीतून चार सरक्या काढून पाटाशेजारी ठेवल्या. माझ्या हातातली पळी तिथंच राहिली.

"पुढच्या खेपेस दोनच ठेव," वरण कालवत ते म्हणाले. "चार फार दिसतात."

त्यांनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायले.

"आणि दाराआड उजेड नसतो. वाचायचं तर ओसरीवर येऊन बसत जा."